फॉरमॅट मारण्याआधी

शहापूर-मुरबाड पट्ट्यात संगणक दुरुस्तीचा धंदा वाढला तो लोडशेडिंगच्या काळात. २००५ नंतरची पाच-सहा वर्षं ज्यांनी गावात काढली त्यांना वेगळं सांगायला नको. दिवसाचे आठ-दहा तास लाइट नसायची, आणि वेळापत्रकात लिहिलेल्या वेळेलाच ती जाईल याचाही भरवसा नसायचा. मुंबई शहर यातून वगळलेलं होतं. तानसाचं धरण १८९२ साली पुरं झालं. तेव्हापासून आमच्या उशाशी साठलेलं पाणी मोठाल्या नळांतून मुंबईला जातं आणि इकडच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. विजेचीही तीच गत होती. ही खंत इथल्या घराघरात आहे. मी ती इथे मांडते, कारण माझ्या टेबलावर बिघडून येणाऱ्या हार्ड डिस्कपैकी बहुतेकींचं मूळ अचानक गेलेल्या लाइटीत असायचं.

त्या काळात सगळ्यांना उपाय एकच माहीत होता. मशीन सुरू होत नाही, फॉरमॅट मारा. पेनड्राइव्ह दिसत नाही, फॉरमॅट मारा. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच म्हणायचं, "ताई, फॉरमॅट मारून द्या, बाकी काही बघू नका." ग्रामपंचायतीचे दाखले, लग्नाचे फोटो, भातगिरणीचा हिशेब, शाळेचे निकाल असं काय काय या भागात पुसलं गेलं, त्याची नोंद कुठेच नाही. त्यातलं पुष्कळ वाचलं असतं, अशी माझी खात्री आहे. डिस्कबद्दलची जवळजवळ प्रत्येक तक्रार कुणीतरी, कधीतरी, सकारण घेतलेल्या निर्णयातून आलेली असते. तो निर्णय कोणता, हे कळलं की फॉरमॅटच्या बटणाकडे गेलेला हात थांबतो. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी स्क्रू-ड्रायव्हरच्या आधी हा इतिहास सांगते.

सुरुवात मार्च १९८३ पासून होते. आयबीएमने पीसी एक्सटी हे मॉडेल बाजारात आणलं. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि सोबत डॉस २.०. एकाच डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात म्हणून डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये वाटणीचा तक्ता ठेवायचं ठरलं. सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले पहिले ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या कोडला, शेवटचे २ बाइट खुणेला आणि मधले ६४ बाइट तक्त्याला. एका वाटणीची नोंद १६ बाइटची, म्हणजे नोंदी चारच. १० एमबीच्या डिस्कवर चारापेक्षा जास्त वाटण्या कुणाला लागतील, असंच तेव्हा वाटलं असणार. पुढे डिस्क वाढल्या, चार पुरेनात, तेव्हा १९८७ च्या डॉस ३.३ ने तोड काढली: चारांपैकी एका नोंदीला 'एक्स्टेंडेड' म्हणायचं आणि तिच्या पोटात आणखी वाटण्या पाडायच्या.

आमच्याकडे जमिनीच्या गटाचे पोटहिस्से पडतात, तसंच हे. वाटणीचा तक्ता म्हणजे सातबारा आणि आतला डेटा म्हणजे शेत. सातबारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही, आणि झटपट फॉरमॅट म्हणजे त्याच शेताच्या नावाने काढलेला कोरा सातबारा. ही एवढी गोष्ट पोराला समजली की निम्मं काम शिकवून झालं.

लिनक्समध्ये पहिल्यांदा वाटण्या बघणारा हमखास विचारतो, "ताई, इथे एक आहे, दोन आहे, आणि एकदम पाच कशी आली?" कारण एक ते चार हे आकडे १९८३ च्या त्या चार नोंदींसाठी राखलेले आहेत. पोटातल्या वाटण्यांची मोजणी पाचपासून सुरू होते. तीन आणि चार हरवलेल्या नाहीत, त्या कधी पाडल्याच गेल्या नाहीत. एवढ्याशा आकड्यावरून 'डिस्क करप्ट झाली' असं ठरवून ती पुसणारे लोक मी बघितले आहेत.

लिनक्सचा जन्म १९९१ चा, आणि त्यातही वाटणीच्या एका अपघाताचा हात आहे. लिनस टॉरवाल्ड्स हेलसिंकीला शिकत होता आणि त्याच्या ३८६ मशीनवर अँड्र्यू टॅनेनबॉम यांची मिनिक्स ही सिस्टिम होती. विद्यापीठाच्या संगणकाला फोनवरून जोडता यावं म्हणून त्याने स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. एकदा मोडेमला द्यायच्या डायलच्या आज्ञा त्याच्या हातून हार्ड डिस्कला गेल्या आणि मिनिक्सची वाटणी बाद झाली. मिनिक्स पुन्हा घालायची की आपल्याच सिस्टिमवर राहायचं, असा प्रश्न आला आणि तो आपल्या सिस्टिमवर राहिला. ही हकीकत त्यानेच पुढे लिहून ठेवली आहे.

सुरुवातीला लिनक्सने फायलींची मांडणी मिनिक्सचीच उचलली. तिला ६४ एमबीची मर्यादा होती आणि फाइलचं नाव १४ अक्षरांच्या पुढे जात नसे. एप्रिल १९९२ मध्ये रेमी कार यांनी 'एक्स्ट' आणली, जानेवारी १९९३ मध्ये 'एक्स्ट-२'. वाटण्या पाडायचं साधन मात्र सुरुवातीला धड नव्हतं. लिनक्सच्या अगदी पहिल्या फ्लॉपी वापरणाऱ्याला तो ६४ बाइटचा तक्ता हेक्स एडिटर उघडून हाताने बदलावा लागे. एक आकडा चुकला की सगळी डिस्क परकी. मग मँचेस्टरच्या संगणक केंद्रातल्या ए. व्ही. ले ब्लांक यांनी १९९२ मध्ये लिनक्ससाठी एफडिस्क लिहिला. आज आपण वापरतो तो त्याचाच वंशज. एम दाबलं की मदत, पी दाबलं की तक्ता, एन दाबलं की नवी वाटणी. आणि डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर एक बाइटही लिहिला जात नाही. मनात शंका आली तर क्यू दाबून बाहेर पडायचं, काही बिघडत नाही. नव्या मुलाला मी जुन्या डिस्कवर पी आणि क्यू एवढंच करायला लावते. बघून बाहेर पडायची सवय आधी हातात बसावी लागते.

भारतात लिनक्स सर्वसामान्यांच्या हाती पडलं ते मासिकातून. १९९६ साली पीसीक्वेस्टने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. त्या उपक्रमामागे अतुल चिटणीस यांचं नाव ठळक आहे. जन्म बर्लिनचा, इंजिनिअरिंग बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमधून, १९८९ पासून बंगळुरात सीआयएक्स नावाची बुलेटिन बोर्ड सेवा चालवलेली. २०१३ मध्ये ते गेले. इंटरनेट महाग आणि मंद असताना एका सीडीने गावोगावच्या मुलांना किती दारं उघडून दिली, याचं मोल आपल्याकडे अजून नीट झालेलं नाही.

त्या सीडीवाल्यांची गाडी जिथे अडायची ती पायरीही वाटणीचीच. स्क्रीनवर 'एलआय' ही दोन अक्षरं यायची आणि मशीन थिजायचं. लायलो हा तेव्हाचा सुरुवात करून देणारा प्रोग्रॅम. तो एकेक टप्पा पार पडला की आपल्या नावातलं एकेक अक्षर छापायचा, म्हणजे कुठे अडलं ते अक्षरावरून समजे. अडण्याचं नेहमीचं कारण जुन्या बायोसमध्ये होतं. सिलिंडरचा आकडा लिहायला तिथे १० बिट, म्हणजे १०२४ च्या पुढचं त्याला दिसत नसे. २५५ हेड आणि ६३ सेक्टर धरले तर मर्यादा ८.४ जीबी. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याच्या पलीकडे जाऊन पडला की मशीन उठणार कसं? म्हणून डिस्कच्या सुरुवातीला बूटची छोटी वाटणी वेगळी काढायची रीत पडली. पुढे बायोस सुधारले, ती अडचण संपली, पण जुन्या मशीनमध्ये ती वाटणी अजून सापडते. तिला 'फालतू १०० एमबी' समजून उडवणाऱ्याचं मशीन दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येतं.

आता लाइटीकडे येते, कारण आमच्या भागापुरता खरा इतिहास तो आहे.

एक्स्ट-२ वर फाइल लिहिताना मधेच लाइट गेली तर कुठली जागा वापरात आणि कुठली मोकळी, याचा मेळ बसत नसे. लाइट आल्यावर मशीन आख्खी डिस्क तपासत बसे. तपासणीत गुंता मोठा निघाला तर काळ्या स्क्रीनवर रूटचा पासवर्ड मागून थांबे. दुकानातला पोरगा समोर, पासवर्ड कुणाला आठवत नाही, आणि तपासणी पुरी व्हायच्या आत लाइट पुन्हा गेलेली. अर्धवट तपासणीवर अर्धवट तपासणी, अशी डिस्क खिळखिळी व्हायची.

स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये याच्यावर जर्नलचा उपाय मांडला. करायचा बदल आधी एका राखीव जागेत नोंदवायचा, मग मूळ जागी करायचा. मधे वीज गेली तर उठल्यावर फक्त ती नोंदवही वाचायची. आख्खी डिस्क चाळायचं कारण उरत नाही. हीच एक्स्ट-३. नोव्हेंबर २००१ मध्ये २.४.१५ या कर्नलबरोबर ती मूळ लिनक्समध्ये आली. त्याच कर्नलमध्ये डिस्क उतरवताना डेटा खराब करणारा दोष निघाला आणि काही दिवसांतच २.४.१६ काढावा लागला, हेही नोंदवलं पाहिजे. एक्स्ट-२ वर जर्नल नंतर चढवता येतं, डिस्क पुसावी लागत नाही. आमच्याकडच्या मशीनवर मी हेच करत गेले. एका आज्ञेचं काम, आणि लाइट गेल्यावर अर्धा-पाऊण तास चालणारी तपासणी काही सेकंदांवर आली. शहापूरच्या बाजारपेठेत मी केलेलं सगळ्यात उपयोगी काम कोणतं, असं विचारलंत तर मी हेच सांगेन.

मग २००८ च्या अखेरीस २.६.२८ बरोबर एक्स्ट-४ आली आणि नवीच तक्रार सुरू झाली. लाइट जायची, यायची, मशीन ठणठणीत उठायचं, फाइल जागेवर असायची, नावही बरोबर, पण उघडली तर आत काही नाही. लांबी शून्य. व्हायरस आला म्हणून लोक घाबरायचे आणि पुन्हा फॉरमॅट मारायचे. कारण वेगळंच होतं. एक्स्ट-३ साधारण पाच सेकंदांत डेटा डिस्कवर टाकायची. एक्स्ट-४ वेग वाढवण्यासाठी जागा ठरवायचं काम लांबणीवर टाकायची, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. जुनी फाइल रिकामी करून तिच्यात नवा मजकूर लिहिणारा प्रोग्रॅम असेल तर रिकामं करणं आधी पक्कं व्हायचं आणि मजकूर मेमरीतच राहायचा. तेवढ्यात लाइट गेली की संपलं. २००९ च्या सुरुवातीला उबुंटू वापरणाऱ्यांनी याची तक्रार केली तेव्हा मोठा वाद झाला. एक्स्ट-४ सांभाळणाऱ्या थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी 'आता डिस्कवर टाक' असं स्पष्ट सांगायला हवं. नियमाने ते बरोबर होतं, आणि तरीही त्यांनी २.६.३० मध्ये अशा फायली लगेच डिस्कवर टाकायची सोय करून दिली. अखंड वीज असलेल्या ठिकाणी हा वाद तात्त्विक वाटला असेल. आमच्याकडे तो रोजच्या हिशेबाचा होता. किन्हवली-डोळखांबकडच्या ज्या दुकानदारांनी तेव्हा नवी सिस्टिम घातली होती त्यांना मी एकच सांगायची, बॅटरी नसेल तर अजून एक्स्ट-३ वरच राहा.

वीज सुधारत गेली तशी कामाची जातही बदलली. शहापूर तालुक्यातल्याच पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने मुलांच्या हातात टॅब दिले, दप्तराचं ओझं उतरवलं, आणि डिजिटल शाळेचं ते उदाहरण राज्यभर गाजलं. ते बघून आजूबाजूच्या शाळांनीही लोकवर्गणीतून, ओळखीपाळखीतून संगणक जमवले. कंपन्यांनी काढून टाकलेली जुनी मशीन टेम्पोतून येत. त्यांच्यावर नवं विंडोज धड चालत नसे, आणि पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसने शिक्षक हैराण असत. अशा मशीनवर लिनक्स घालून द्यायचं काम मी हौसेने घेतलं. सी-डॅकचं बॉस लिनक्स २००७ पासून होतंच आणि त्यात मराठीची सोय होती. मेनू मराठीत दिसला की पाचवीतलं पोर पहिल्या दिवशी न बिचकता माउस धरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

इथे पेनड्राइव्हची एक तक्रार फार यायची, अजूनही येते. शाळेसाठी लिनक्सची इमेज पेनड्राइव्हवर उतरवायची, काम झाल्यावर सर तो परत वापरायला जातात, आणि १६ जीबीचा पेनड्राइव्ह दोन जीबीचा दिसतो. फॉरमॅट मारला तरी कुठलं मशीन त्याला सीडी म्हणतं, कुठलं रिकामा म्हणतं. लिनक्सची इमेज मुळात सीडीसाठी ठरलेल्या आयएसओ ९६६० या १९८८ च्या मानकाची असते. त्या मानकाने पहिली १६ सेक्टर मोकळी सोडली आणि आपली खूण ३२,७६८ व्या बाइटपासून ठेवली. ती जागा मोकळी होती म्हणूनच तिथे पुढे पेनड्राइव्हचा तक्ताही बसवता आला आणि एकच इमेज दोन्हीकडे चालू लागली. पण वरवर नवा तक्ता लिहिला तर सीडीची खूण खाली तशीच राहते, आणि एका डिस्कला दोन ओळखी होतात. वाइपएफएस ही आज्ञा आधी नुसती चालवायची, ती सगळ्या जुन्या खुणा दाखवते; नीट वाचून मगच पुसायला सांगायचं. पेनड्राइव्हचं नाव ओळखण्यासाठी एलएसबीएलके लावून आकारावरून खात्री करायची, कारण इथे अक्षर चुकलं तर मशीनची डिस्क पुसली जाते.

'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' हा निरोप आला तर त्याचं ऐकावं. ती वाटणी कुठेतरी माउंट असते, स्वॅप म्हणून वापरात असते, नाहीतर जुन्या सर्व्हरमधून आलेल्या डिस्कवरची रेड किंवा एलव्हीएमची खूण बघून कर्नलने ती आपणहून धरलेली असते. जबरदस्तीचा पर्याय दिलेला आहे, म्हणून तो वापरू नये. धरणारा कोण ते शोधून आधी सोडवून घ्यावं.

फोटोग्राफर मंडळींच्या तक्रारी जागेच्या. एकाने ३ टीबीची डिस्क आणली, जुन्या केसमध्ये घातली, आणि ती ७४६ जीबीची दिसू लागली. १९८३ च्या तक्त्यात सेक्टरचा आकडा ३२ बिटांचा, म्हणून ५१२ च्या सेक्टरने हिशेब २ टीबीपाशी संपतो, आणि काही जुनी उपकरणं त्यापुढे शून्यापासून मोजायला लागतात. उरतं ते ७४६. केस बदलली आणि जीपीटी तक्ता घातला की पूर्ण जागा मिळते. जीपीटीत १२८ वाटण्यांची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, त्यामुळे सुरुवात खराब झाली तरी ती वापरता येते. आणखी एक हमखास प्रश्न: १ टीबीची डिस्क एक्स्ट-४ केली तर ५० जीबी कुठे जातात? पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवायची ही चाल बर्कलीच्या युनिक्सपासून आलेली, तिथे ती दहा टक्के होती. नुसते फोटो ठेवायच्या डिस्कला तिची गरज नाही. ट्यून-टू-एफएसने ती एक टक्क्यावर आणता येते, डेटाला धक्का लागत नाही.

सगळ्यात वाईट प्रसंग असतो तो विंडोजच्या त्या एका प्रश्नाचा. मुरबाडकडच्या एका शाळेतल्या सरांनी बरीच वर्षं मुलांचे कार्यक्रम, आदिवासी गाण्यांची रेकॉर्डिंग, निकाल असं सगळं लिनक्सच्या एका डिस्कवर जमवलं होतं. घरी कुणीतरी ती विंडोजच्या लॅपटॉपला लावली. विंडोजला एक्स्ट-४ वाचता येत नाही; वापरण्याआधी फॉरमॅट करायची का, असं त्याने विचारलं आणि कुणीतरी हो म्हटलं. सर डिस्क रुमालात गुंडाळून घेऊन आले. मी पहिला प्रश्न विचारला, "सर, त्यानंतर हिच्यावर काही कॉपी केलंत?" नव्हतं केलं. तिथेच मला धीर आला.

डिस्क माउंट न करता आधी तिची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली. डीडीरेस्क्यू रात्रभर चालला. पुढचं सगळं नकलेवर. एक्स्ट-४ आपलं मुख्य टिपण, म्हणजे सुपरब्लॉक, वाटणीच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटवर ठेवते, आणि झटपट फॉरमॅटने नेमकी सुरुवातच लिहून काढलेली होती. पण या टिपणाच्या प्रती डिस्कभर पेरलेल्या असतात. चार केबीचा ब्लॉक असेल तर पहिली प्रत ३२,७६८ व्या ब्लॉकवर, म्हणजे १२८ एमबी आत. पुढची ९८,३०४ वर. एमकेई-टू-एफएस ही आज्ञा एन पर्याय देऊन चालवली की काही न लिहिता या जागा सांगते. तो एन विसरला तर तीच आज्ञा डिस्क पुसते, म्हणून मी ती ओळ मोठ्याने वाचून मगच एंटर दाबते. ई-टू-एफएसकेला ३२,७६८ चा आकडा दिला. पानामागून पान प्रश्न आले आणि मग फायली दिसू लागल्या. वरच्या पातळीवरची फोल्डरं नावं हरवून लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये नुसत्या नंबरांनी पडली होती, आतली नावं मात्र शाबूत. एकेक फोल्डर उघडून सरांनीच ओळखलं, हे अमक्या सालचं स्नेहसंमेलन, हा तमका निकाल. गाण्यांची रेकॉर्डिंग जवळजवळ सगळी मिळाली.

मुख्य टिपणाच्या प्रती डिस्कभर ठेवायची ही युक्तीही बर्कलीच्याच फाइल सिस्टिमकडून आली आहे, १९८० च्या दशकातली. तिथून ती एक्स्ट-२ ने घेतली. सरांना मी हे सांगितलं, आणि त्यांनी ते वर्गात मुलांना सांगितलं.

सध्या माझ्याकडे येणारी तक्रार याच्या उलटी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ई-टू-एफएसप्रॉग्ज या साधनसंचाच्या १.४७ आवृत्तीपासून नवीन एक्स्ट-४ वाटणीत काही नव्या सोयी आपोआप चालू होतात. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर तयार केलेली डिस्क शाळेतल्या जुन्या मशीनला लावली की तिथला तपासणीचा प्रोग्रॅम 'अनसपोर्टेड फीचर' म्हणतो आणि हात वर करतो. डिस्क चांगली असते, डेटाही चांगला असतो, जुन्या प्रोग्रॅमला फक्त नव्या खुणा वाचता येत नाहीत. वाटणी तयार करतानाच ऑर्फन फाइल आणि मेटाडेटा चेकसम सीड या दोन सोयी बंद केल्या, तर जुनं मशीनही तिला सांभाळतं. आधीच तयार झालेल्या डिस्कवरून त्या ट्यून-टू-एफएसने काढता येतात. मात्र ते काम नव्या मशीनवर, वाटणी अनमाउंट करून करावं लागतं. आता शाळांसाठी डिस्क तयार करताना मी त्या दोन्ही बंद ठेवते आणि कोणत्या सिस्टिमवर, कोणत्या तारखेला वाटणी केली ते मार्करने डिस्कच्या पाठीवर लिहून देते.